वाऱ्याने अँटेना पाडला: सोल्डर तापवण्याआधी काय बघायचं

तुमच्या हॅम रेडिओच्या अँटेनाबद्दलचा प्रश्न मी असा वाचला. गच्चीवर सहा मीटरचा लोखंडी पाइप, त्याच्या शेंड्यापासून दोन बाजूंना उतरणारा ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीसारखा तारेचा अँटेना, आणि त्याच पाइपच्या डोक्यावर दोन मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झ) व्हर्टिकल, म्हणजे उभा अँटेना. पाइपला मागून ताणाची एकच तार. बाकीच्या दोन बाजू अँटेनाच्या तारांनीच धरलेल्या. वादळी वाऱ्यात व्हीचा एक पाय तुटला, पाइप वाकला, व्हर्टिकल थोडा कलला. ७.१ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (ताकद किती परत फिरते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम जुळणी) १.३ असायचा तो ३ च्या पुढे गेला, तरी ट्यूनर, म्हणजे रेडिओ आणि अँटेना जुळवणारा डबा, जुळवून देतोय. फक्त बोलताना मायक्रोफोन ओठांना चटके देतो. दोन मीटरवर मात्र एसडब्ल्यूआर १.६ चा १.२ झाला, म्हणून तिकडे हात लावायचा नाही असं तुम्ही ठरवलंय. आता तार सोल्डर करून जोडायची, पाइप ठोकून सरळ करायचा आणि परत उभा करायचा, एवढं पुरेल का?

नाही पुरणार. तार जोडता येईल, पाइप मात्र मोडीत काढा. आणि ज्या दोन मीटरच्या अँटेनाला तुम्ही पास करून टाकलंय, माझा सगळ्यात जास्त संशय त्याच्याच केबलवर आहे.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक, दिसतंय त्यापलीकडे आणखी काय काय बिघडलंय ते कसं ओळखायचं. दुसरा, पुढच्या वाऱ्यात परत काहीतरी मोडणारच असेल तर ते कुठे मोडावं. पहिल्याचं उत्तर मोजून मिळतं. दुसरं तुम्हाला ठरवावं लागतं, आणि बहुतेक लोक ते ठरवतच नाहीत, वाराच ठरवतो.

सुरुवातीला एक गोष्ट, कारण तुटलेला पाय कुठे पडलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो पाय किंवा ताणाची तार विजेच्या तारेला, खांबाला, कुणाच्या घरात जाणाऱ्या सर्व्हिस वायरला कुठेही टेकली असेल तर पुढचं काही वाचू नका. लाकडी काठीनेही ती बाजूला करायला जाऊ नका. भिजलेलं लाकूड आणि भिजलेली दोरी दोन्ही वीज वाहून नेतात. आत जाऊन कोॲक्सही (मधली तार आणि तिच्याभोवती जाळी असलेली अँटेनाची केबल) उपटू नका, त्याच्या जाळीतून ती वीज टेबलापर्यंत आलेली असू शकते. सगळ्यांना लांब ठेवा आणि वीज कंपनीला कळवा. टेकलेली नसेल तरी वाकलेल्या पाइपला शिडी लावायची नाही, आणि पाइप खाली घेताना तो जिकडे जिकडे पडू शकतो तिथे विजेची तार पोचत नाही हे आधी नजरेने मोजायचं.

आणि तोवर ट्रान्समिट बंद. ट्यूनर जुळवतोय म्हणजे अँटेना चालतोय असं होत नाही. ट्यूनर फक्त रिगची, म्हणजे रेडिओ संचाची, समजूत घालतो. डायपोलचा (दोन पायांचा तारेचा अँटेना, तुमचा व्ही त्यातलाच) एक पाय गेला की उरलेल्या पायाला जोडीदार लागतो, आणि तो जोडीदार म्हणून कोॲक्सच्या जाळीची बाहेरची बाजू कामाला लागते. मग केबल, रिगचा डबा आणि मायक्रोफोन हे सगळे अँटेनाचे भाग होतात. ओठाला बसणारा चटका तोच. त्यातून एखादं दूरचं स्टेशन लागेलही, पण केबलचा आणि ट्यूनरचा जीव उगाच जातोय.

आता मोडलेलं बघूया, आणि उचलायच्या आधी बघूया. तुकडे गोळा करून एका कोपऱ्यात टाकले की निम्मा पुरावा गेला. फोटो काढा, पाइप कुठल्या दिशेला आणि किती उंचीवर वाकलाय ते लिहून ठेवा. मग तुटलेल्या तारेची दोन्ही टोकं हातात घेऊन भिंगातून बघा. तांब्याची तार नुसत्या ओढीने तुटली तर तुटायच्या जागी ती बारीक होत जाते, टोक निमुळतं होतं आणि तांबं ताजं लालसर चमकतं. टोक जर सपाट, छाटल्यासारखं असेल, तार बारीक झालेली नसेल, आणि तुटलेल्या पृष्ठाचा बराच भाग काळपट पडून एखादीच कड चमकत असेल, तर ती तार त्या रात्री तुटायला सुरुवात झालेली नाही. वाऱ्याच्या झुळकीगणिक हलून हलून ती कधीपासून चिरत आली होती. काळा भाग ही जुनी चीर, आणि चमकणारी कड तेवढी त्या रात्रीची. बऱ्याचदा ही जागा इन्सुलेटरच्या भोकापाशी नाहीतर जिथे सोल्डर संपतो तिथे सापडते. अनेक पदरी तार असेल तर पदर सुटे करून बघा: काही काळे, काही चमकदार, असं मिश्रण हमखास दिसतं.

हे बघायचा फायदा असा की आधी काय गेलं ते कळतं. टोक काळं आहे आणि पाइप तुटलेल्या पायाच्या विरुद्ध बाजूला वाकलाय, म्हणजे आधी तार गेली, दुसरा पाय एकटाच ओढत राहिला आणि त्या बाजूला आवरायला कुणी नसल्यामुळे पाइप झुकला. टोक निमुळतं आणि चमकदार असेल तर उलट: पाइप आधी ढळला आणि जाता जाता तार तोडून गेला. पहिल्या प्रकारात तारेची बांधणी चुकलेली असते, दुसऱ्यात पाइपची. तुमच्या वर्णनावरून मला पहिला प्रकार वाटतो, पण टोक तुमच्या हातात आहे, माझ्या नाही.

कुठलाही प्रकार निघाला तरी अँटेनाच्या तारांकडून ताणाचं काम करून घेणं थांबवा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १०० किलोमीटर वाऱ्यात सपाट पृष्ठावर दर चौरस मीटरला साधारण ४७० न्यूटन दाब येतो. १४० ला तो जवळजवळ दुप्पट होतो. तुमच्या पाइपचं वाऱ्यासमोरचं क्षेत्र पाव चौरस मीटरच्या आत असेल, म्हणजे १०० च्या वाऱ्यात त्यावर बारा-तेरा किलोंचा रेटा, १४० ला पंचवीसच्या आसपास. हे आकडे भीतीदायक नाहीत, तिन्ही बाजूंनी नीट ताण असलेला पाइप ते हसत सोसतो. पण एका बाजूला नुसती रेडिओची तार असली की सगळा खेळ त्या तारेवर येतो.

पाइप ठोकून सरळ का करायचा नाही, तर वाकलेल्या जागी नळीची भिंत आत चेपलेली असते. बोट फिरवलंत तर एका बाजूला सुरकुती आणि दुसऱ्या बाजूला ताणलेला फुगवटा लागेल. सरळ केल्यावर तो दिसायला सरळ होतो, पण गोलाई परत येत नाही, जस्ताचा थर तडकलेला असतो आणि पुढच्या वेळी तो बरोबर तिथेच दुमडतो. चेपलेला भाग कापून उरलेला सरळ तुकडा आखूड खांब म्हणून वापरा, त्याला माझी हरकत नाही. फक्त आतून गंज किती खाल्लाय ते कापल्यावर बघा. वरचं तोंड उघडं असलेल्या पाइपात पाणी साचतं आणि गंज आतून वर येतो. नवीन पाइपला टोपण लावा आणि बुडाला पाणी जायला भोक ठेवा.

नव्या पाइपला ताण तीन, एकमेकांपासून १२० अंशांवर, आणि पायथ्यापासून उंचीच्या निदान ६० टक्के अंतरावर बांधलेले. सहा मीटरला निदान ३.६ मीटर होतात. तुमच्या गच्चीवर तेवढी जागा आहे का, आणि कठड्यात ताण धरायची ताकद आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. नुसत्या विटांच्या कठड्याला खुंटी मारून मी ताण बांधणार नाही. जागा नसेल तर सरळ पाइपची उंची कमी करा. चार मीटरवर भक्कम उभा राहिलेला व्ही सहा मीटरवरून पडलेल्या व्हीपेक्षा केव्हाही जास्त संपर्क देतो. ताणाला मी काळी, विणलेली पॉलिएस्टर दोरी वापरतो. नायलॉन ओली झाली की ताणते, आणि पॉलिप्रॉपिलीन उन्हात काही काळाने पिठासारखी भुगा होते. शिवाय दोरी रेडिओला दिसत नाही. पोलादी तार घेतलीत तर मध्ये अंडाकृती इन्सुलेटर घालून तिचे तुकडे करावे लागतात, नाहीतर तीही अँटेनात सामील होते.

पोलादी तारच हवी असेल तर तिचा फास आवळणारी यू-बोल्टची क्लिप बसवताना एक तपासा: यू-बोल्टची वाकडी बाजू तारेच्या मोकळ्या, उरलेल्या टोकावर आली पाहिजे आणि खाचेचा जाड भाग भार घेणाऱ्या तारेवर. उलट बसवली की यू-बोल्ट भार घेणाऱ्या तारेलाच चिरडतो. मी बघितलेल्या घरगुती मास्टवर निम्म्या क्लिपा तरी उलट्या असतात. टर्नबकलच्या (ताण घट्ट-सैल करायच्या स्क्रूच्या) भोकांतून बंधनाची तार ओवून गाठ मारा, वाऱ्याच्या थरथरीने तो आपोआप उलगडत जातो. आणि जमलं तर पायथा बिजागरीचा करा. पाइप आडवा करता आला की पुढची प्रत्येक दुरुस्ती उभ्याउभ्या कमरेच्या उंचीवर होते, शिडीचा प्रश्नच उरत नाही.

आता कोॲक्स. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

दोन मीटरचा एसडब्ल्यूआर वादळानंतर सुधारला असं तुम्ही लिहिलंय. अँटेना कलल्याने, हलल्याने, आपटल्याने तो अधिक चांगला होण्याचं काही कारण नाही. एसडब्ल्यूआर आपोआप सुधारतो त्याचं नेहमीचं कारण म्हणजे केबलमधली गळती वाढली. मीटर शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, बसलेला असतो. तुम्ही पाठवलेली ताकद वर जाताना केबलमध्ये काही प्रमाणात जिरते, वरून परत फिरलेली ताकद खाली येताना पुन्हा जिरते, आणि मीटरला दिसते ती दोनदा गाळलेली परतफेड. परत आलेलं कमी दिसलं की मीटर म्हणतो, जुळणी छान आहे.

आकड्यांत मांडतो. आरजी-५८ ची २५ मीटर चांगली केबल १४५ मेगाहर्ट्झवर ढोबळमानाने पाच डेसिबल खाते. वरचा अँटेना पूर्ण काढून टाकला आणि केबलचं टोक नुसतं हवेत सोडलं, तर गेलेली सगळी ताकद परत फिरते, पण जाता-येता मिळून दहा डेसिबल कमी होऊन. मीटरवर दिसेल १.९. वर अँटेनाच नसताना! आता त्याच केबलमध्ये पाणी शिरून एका दिशेची गळती दहा डेसिबल झाली, तर त्याच रिकाम्या टोकासाठी मीटर १.२ दाखवेल. तुमचाच आकडा. दहा डेसिबल म्हणजे पाठवलेल्या ५० वॉटपैकी ५ वॉट वर पोचतात, बाकीची केबल गरम करण्यात जातात. तुमच्या बाबतीत हेच झालंय असं मी छातीठोकपणे सांगत नाही. कललेल्या अँटेनाच्या आसपासची एखादी धातूची वस्तू दूर झाली असेल तरी आकडा हलू शकतो. पण १.६ चा १.२ झाला ही तक्रार समजा, बातमी समजू नका.

शोधायची पद्धत सोपी आहे. पाइप खाली घेतल्यावर केबल अँटेनापासून सोडवा आणि त्या टोकाला मधली तार व जाळी एकमेकांना जोडून शॉर्ट करा. शॅकच्या टोकाला नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजायचं छोटं यंत्र) लावा आणि रिटर्न लॉस, म्हणजे परत आलेली ताकद किती डेसिबल कमी आहे, तो वाचा. आलेल्या आकड्याचा निम्मा म्हणजे केबलची एका दिशेची गळती. मग केबलच्या माहितीपत्रकात त्या फ्रिक्वेन्सीला १०० मीटरमागे किती डेसिबल दिलेत ते बघून तुमच्या लांबीला हिशोब करा. दहा-वीस टक्के जास्त आलं तर वयोमान म्हणून सोडून द्या. दीडपट आलं तर केबल गेली. ही परीक्षा दोन्ही केबलींची घ्या, पण ७ मेगाहर्ट्झवर गळती मुळात इतकी कमी असते की आजार लपून राहतो. ४० मीटर बँडच्या अँटेनाची केबलसुद्धा १४५ मेगाहर्ट्झवर तपासलीत तर निकाल स्पष्ट येतो. व्हीएनए नसेल तर केबलच्या वरच्या टोकाला पॉवर मीटर आणि त्यापुढे डमी लोड (अँटेनाऐवजी ताकद जिरवणारा रोध) लावा, खालून कमी ताकद सोडा, वर किती पोचते ते वाचा, मग तोच मीटर शॅकमध्ये लावून तुलना करा. जरा धावपळ होते, पण उत्तर तितकंच खरं येतं.

मीटरशिवायही केबल बोलते. वरचा कनेक्टर कापा आणि बाहेरचं काळं आवरण दोन-तीन सेंटिमीटर सोला. जाळी गुलाबी चमकदार तांब्याची असली तर ठीक. तपकिरी-काळी झाली असेल किंवा हिरवा कळंक धरला असेल तर आणखी २० सेंटिमीटर कापून पुन्हा बघा. पाणी जाळीच्या पदरांतून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं चढत-उतरत जातं, त्यामुळे चमकदार तांबं लागेपर्यंत कापत जायचं. मीटरभर कापूनही काळंच निघत असेल तर कातर खाली ठेवा आणि नवी केबल आणा. काळ्या जाळीवर सोल्डर बसत नाही हे तुम्हाला तसंही लगेच कळेल.

मल्टीमीटरची परीक्षाही करा, पण अर्थ लावताना जपून. करंट बॅलन (जाळीच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा, अँटेना आणि केबलमधला डबा) लावलेला साधा डायपोल मधल्या तारेपासून जाळीपर्यंत उघडा दिसला पाहिजे. हेअरपिन जुळणीचा यागी, जे-पोल, किंवा टोकाने फीड केलेल्या अँटेनाचा ४९:१ ट्रान्सफॉर्मर हे सगळे निरोगी असताना शॉर्टच दिसतात. तुमचा व्हर्टिकल कुठल्या जातीचा आहे ते त्याच्या कागदावरून बघा, मगच निकाल द्या. पाऊस आणि आपटी एकत्र झाली असेल तर बॅलनचा डबाही उघडा. आतलं फेराइट कडं ठिसूळ असतं, आपटल्यावर तडकतं आणि वरून गुंडाळलेल्या केबलमुळे तडा दिसत नाही. हलवून खडखड ऐका. डब्याच्या तळाला पाणी जायला भोक नसेल तर पाडा. पूर्ण बंद डबा पाऊस बाहेर ठेवतो असं वाटतं, पण तो आत साचलेला दमट वाफारा धरून ठेवतो.

तर क्रम असा झाला: विजेच्या तारांची खात्री, पाइप आडवा, तुटलेल्या टोकांची तपासणी, केबलींची परीक्षा, बॅलन. इथपर्यंत सोल्डरिंग आयर्न कपाटातच आहे. आता तो काढा.

तार जोडायची की बदलायची? टोक काळं निघालं असेल तर दोन्ही पाय बदला, कारण दुसऱ्या पायानेही तेवढीच वर्षं तेवढेच हेलकावे खाल्लेत. टोक ताजं असेल तर जोडा, पण दोन टोकांना पीळ देऊन त्यावर सोल्डर ओतणं हा जोड नाही. सोल्डर वीज नेतो, ओढ नेत नाही. वर तो तारेचा तेवढा भाग ताठ करतो, आणि ताठ संपून लवचीक सुरू होतं तिथेच पुढची चीर पडते. मी मध्ये छोटा इन्सुलेटर घालतो, दोन्ही तारा त्याच्या भोकांतून ओवून स्वतःभोवती गुंडाळतो म्हणजे ओढ इन्सुलेटर घेतो, आणि वरून सैल लोंबणाऱ्या छोट्या तारेने वीज पलीकडे नेतो. सोल्डर फक्त त्या सैल तारेच्या टोकांना. तिच्यावर ओढच नसल्यामुळे ती तुटत नाही. फीडपॉइंटलाही, म्हणजे केबल अँटेनाला जोडते तिथेही, हेच: केबलचं वजन कनेक्टरवर किंवा सोल्डरवर लोंबता कामा नये. आरजी-२१३ ची दहा मीटर केबल साधारण दीड किलो भरते. तिला स्वतंत्र दोरीने पाइपला बांधा.

मग ताण किती द्यायचा. अँटेना तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलेला दिसला की लोकांना बरं वाटतं, आणि तिथेच घात होतो. दोन मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचं वजन मीटरला २८ ग्रॅम. दहा मीटरच्या पायाला मध्ये २० सेंटिमीटर झोळ ठेवला तर तारेत दोन किलोंहून कमी ओढ असते. झोळ ५ सेंटिमीटर केला की तीच ओढ सात किलोंवर जाते. झोळ निम्मा, ओढ दुप्पट, असा सरळ हिशोब आहे. त्यात १०० च्या वाऱ्यात त्या बारीक तारेवर येणारा आडवा रेटा तिच्या वजनाच्या तिप्पट-चौपट असतो. ताठ तारेला हे देण्यासाठी झोळच उरलेला नसतो. म्हणून झोळ दिसू द्या. रेडिओला त्याने काही फरक पडत नाही.

आणि हीच जागा आहे जिथे पुढची मोडतोड तुम्ही ठरवू शकता. प्रत्येक पायाचं टोक इन्सुलेटरनंतर जाड दोरीने थेट खुंटीला बांधण्याऐवजी मध्ये एक बारीक, मुद्दाम अशक्त दोरीचा फास घाला. त्याला समांतर मीटरभर लांब, जाड दोरीची सैल वळी ठेवा. वारा हाताबाहेर गेला की बारीक फास तुटतो, तार मीटरभर सैल पडते, जाड दोरी तिला धरून ठेवते, आणि पाइपला काही कळतही नाही. सकाळी एसडब्ल्यूआरचा खड्डा (ज्या फ्रिक्वेन्सीला तो सगळ्यात कमी असतो ती जागा) जरा सरकलेला दिसेल, तुम्ही खाली जमिनीवरून नवा फास बांधाल. हे तारेच्या ओढीला लावलेलं फ्यूज आहे. दोरीची ताकद किती असावी हे तुमच्या तारेवर ठरेल. तारेच्या तुटण्याच्या भाराच्या निम्म्याखाली ठेवा. खुंटीऐवजी कप्पी आणि वजन लावलंत तर आणखी चांगलं, विशेषतः पायाचं टोक झाडाला असेल तर, कारण झाड हलतं. टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत एवढी उंच ठेवा. तिथे व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं आणि त्याचा चटका खोल जातो.

जोडांवर पाणी. पीएल-२५९ कनेक्टर जलरोधक नाही, कितीही घट्ट पिळला तरी. त्यावर ताणून गुंडाळली की स्वतःत एकजीव होणारी रबरी टेप लावा, खालून वर गुंडाळत जा म्हणजे वरचा पदर खालच्यावर कौलासारखा येतो, आणि उन्हापासून वाचवायला त्यावर साधी काळी विनाइल टेप. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याजवळ नको, त्यातलं आम्ल जाळी खातं. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, पाणी तिथून ठिबकू दे. विजेचा अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीत नेणारा) असेल तर तोही तपासा, त्याची भूतार वाऱ्यात उपटली गेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी जुळणी. तारेची एकूण लांबी मीटरमध्ये काढायला १४३ भागिले मेगाहर्ट्झ: ७.१ ला साधारण २०.१ मीटर, म्हणजे एका पायाला दहा. व्ही मध्ये पाय उतरते असल्याने खड्डा थोडा खाली सरकतो, त्यामुळे सुरुवातीला लांब ठेवून कापत यायचं. दोन पायांतला कोन ९० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. खड्डा ७.१ च्या खाली दिसला तर अँटेना लांब आहे, किंवा पाय जमिनीच्या वा गच्चीच्या फार जवळ आलेत. वर दिसला तर आखूड. दहा सेंटिमीटर कापलं की खड्डा जवळपास ३५ किलोहर्ट्झ वर जातो. दोन्ही पायांतून निम्मं निम्मं कापा. तांब्याची मऊ तार वादळात एक टक्का ताणली गेली असेल तर जुन्या मापाने जोडूनही खड्डा ७० किलोहर्ट्झ खाली आलेला सापडेल, तेव्हा जोड चुकला म्हणून घाबरू नका. खड्डा वाऱ्याबरोबर थरथरत असेल, रिसिव्हरमध्ये झुळकेसरशी चरचर येत असेल, तर मात्र कुठेतरी सैल जोड आहे. कापाकापी थांबवून तो आधी शोधा. आणि हे सगळं ट्यूनर बायपास करून.

या सगळ्याला वेळ लागेल, आणि तोवर हवेवर यायचं असेल तर वाचलेली तार आणि चांगली निघालेली केबल घेऊन कमी उंचीचा डायपोल खांद्याइतक्या दोन आधारांवर तात्पुरता बांधा. कमी ताकद सोडा, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याचा हात टोकांना लागणार नाही अशी जागा निवडा. ४० मीटरवर जवळपासचे संपर्क त्यातूनही छान होतात.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात: तुटलेल्या टोकाचा जवळून काढलेला फोटो, आणि दोन मीटर बँडच्या अँटेनाच्या केबलचा वरचं टोक शॉर्ट करून १४५ मेगाहर्ट्झवर आलेला रिटर्न लॉस, केबलच्या लांबीसकट. व्हर्टिकलच्या फायबरच्या नळीत पाणी आहे का ते बघायला तो आडवा करून कानाशी हलवा, आवाज आला तर तेही लिहा. मग केबल वाचवायची की टाकायची ते सांगतो. ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).